लग्नातले पाहुण्यांचे फोटो : कोणाला सांगावे, केव्हा जमवावे

प्रश्न : चार वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या मुलीचे लग्न झाले. फोटोग्राफर चांगला होता आणि दोन जाड अल्बमही आले. पण त्यांत बहुतेक फोटो स्टेजवरचे, आहेराच्या रांगेचे आणि वधूवरांच्या ठरावीक पोझचे आहेत. माझ्या सासूबाई त्यानंतर वर्षभरात गेल्या. दोन्ही अल्बम मिळून त्यांचा एकच फोटो आहे, तोही पंधरा जणांच्या घोळक्यात आणि डोळे मिटलेला. त्या दिवशी त्यांच्याभोवती सतत माणसे होती, कित्येकांनी मोबाइलवर त्यांचे फोटो काढलेही होते. पण मी मागायला लागले तेव्हा कोणाचा फोन बदलला होता, तर कोणी ‘पाठवते’ म्हणून विसरून गेले. आता तुळशीच्या लग्नानंतर साताऱ्यात धाकटीचे लग्न आहे. या वेळी पाहुण्यांकडून साधे, घरगुती फोटो मिळावेत अशी माझी फार इच्छा आहे. मुलीचे म्हणणे असे, की मंगलाष्टकांच्या वेळी समोर मोबाइलच मोबाइल दिसलेले तिला चालणार नाहीत. मुलगा म्हणतो, पत्रिकेवरच क्यूआर कोड छापू. परदेशी लग्नांत टेबलांवर ठेवतात तसे एकदाच वापरायचे कॅमेरे मागवावेत, असे भाचीने सुचवले आहे. यजमानांना वाटते, की फोटो नको तिथे पसरतील. वरपक्षाकडे हा विषय काढावा तरी कसा, तेही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य तुम्ही ओघात लिहून गेल्या आहात : मोठीच्या लग्नात कित्येकांनी सासूबाईंचे फोटो काढले होते. म्हणजे फोटो निघाले होते. ते मागायला उशीर झाला, आणि कोणाच्या फोनमध्ये काय आहे याचा पत्ता कोणालाच नव्हता. लग्नाला आलेल्या जवळपास प्रत्येक पाहुण्याच्या हाती आज कॅमेरा असतो, त्यामुळे त्यांनी फोटो काढावेत यासाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. मेहनत घ्यावी लागेल ती दोन ठिकाणी. जिथे सहसा कोणी फोन काढत नाही अशा जागी आपले एखादे माणूस असले पाहिजे, आणि निघालेले फोटो पाहुणे कार्यालयाबाहेर पडण्यापूर्वी आपल्याकडे उतरले पाहिजेत. क्यूआर कोड असावा की कॅमेरे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

‘सगळ्यांनी भरपूर फोटो काढा हं’ असा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून काही साधत नाही. असा निरोप वाचून पाहुणे स्टेजसमोर गर्दी करतात आणि तुम्ही ज्याला पैसे मोजले आहेत तो फोटोग्राफर काढत असलेलाच फोटो त्याच्या खांद्यावरून, त्याच्यापेक्षा वाईट कोनातून काढतात. त्याऐवजी चार-पाच जणांना गाठा आणि प्रत्येकाला एकच काम सांगा. ही माणसे निवडताना चांगला फोटो कोण काढतो हे दुय्यम माना. कोण सगळ्यांच्यात सहज मिसळते, कोणाला नातीगोती माहीत आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी कोणाकडे दुसरी जबाबदारी नाही, हे पाहा. सामानाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या दिरांना हे काम सांगू नका, ते ‘हो’ म्हणतील आणि त्यांच्याकडून एकही फोटो निघणार नाही. वधूच्या खोलीसाठी तिची एखादी मैत्रीण किंवा चुलतबहीण हवी, कारण तिथे दुसऱ्या कोणाला जाता येत नाही. दहा-बारा वर्षांचे एखादे मूल जरूर निवडा. मुलांपुढे मोठी माणसे अवघडत नाहीत, पदर सारखा करत नाहीत, आणि मुलांच्या उंचीवरून पंगत, रांगोळी आणि आजोबांच्या मांडीवरचे बाळ हे सगळे समोरासमोर येते. अर्थात त्या मुलाला स्वतःचा फोन देण्याऐवजी घरातला एखादा जुना, सिमकार्ड नसलेला फोन द्या, म्हणजे ते खेळात रमले तरी चिंता नाही.

आता कोणत्या जागा. आपल्या लग्नात फोटोग्राफर कुठे कुठे असतो याचा विचार केला, की तो कुठे नसतो हे आपोआप कळते. त्याचा करार बहुधा हळदीपासून सुरू होतो, म्हणून मुहूर्तमेढ, घाणा, देवक बसवणे यांचे फोटो घरच्यांनीच काढायला हवेत. आणि हे विधी घराच्या दारात, अंगणात, चार माणसांत होत असल्याने त्यांतले फोटो सर्वांत मोकळे येतात. लग्नाच्या दिवशी पहाटे कार्यालयात चहाच्या पातेल्याभोवती जमलेली, अजून घरच्याच कपड्यांत असलेली मंडळी. वऱ्हाडाची बस उतरताना पिशव्या मोजणारे काका. रुखवत मांडताना वाद घालणाऱ्या मावश्या, कारण मांडून झालेल्या रुखवताचा फोटो सगळेच काढतात, पण तो करण्यासाठी चार महिने राबलेल्या हातांचा कोणी काढत नाही. गौरीहरापाशी बसलेल्या मुलीला धीर देणारी आत्या. मुलीला घेऊन जाण्यासाठी उपरणे सावरत थांबलेले मामा. कानपिळीच्या वेळी मेहुण्याचा कान धरायला लाजणारा तुमचा मुलगा. जेवणाची पंगत हा तर मोठाच ठेवा आहे, मात्र तिथे एक पथ्य पाळायला सांगा : घास तोंडात असताना कोणाचाही फोटो काढू नये. वाढणारे, आग्रह करणारे, जिलेबीला नको म्हणत ताटावर हात आडवा धरणारे, यांचे काढावेत. आणि आचाऱ्यांच्या मंडळींचाही एक फोटो घ्यावा, त्यांना तो पाठवला तर आनंद होतो.

वयस्क माणसांविषयी जरा अधिक लिहितो, कारण तुमचे पत्र मुळात त्यासाठीच आहे. मंगल कार्यालयात ही मंडळी स्टेजजवळ फार वेळ नसतात. गर्दी, स्पीकरचा आवाज आणि पायऱ्या यांमुळे ती खोलीतल्या गादीवर, दाराजवळच्या खुर्चीत किंवा पंख्याखाली बसलेली असतात. फोटोग्राफरला ती दिसतात ती थेट कुटुंबाच्या समूह फोटोत, जेव्हा ती थकलेली असतात आणि डोळ्यांवर दिव्यांचा झोत असतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या सत्तरीपुढच्या व्यक्तींची नावे एका कागदावर लिहा आणि तो कागद एकाच व्यक्तीच्या हाती द्या. तिने दिवसभरात प्रत्येकाचे दोन प्रकारचे फोटो काढायचे : एक त्यांना सांगून, चष्मा पुसून, पदर किंवा टोपी सारखी करून घेतलेला, आणि एक त्या कोणाशी तरी बोलत असताना त्यांच्या नकळत घेतलेला. सकाळी अकराच्या आत हे उरकले तर उत्तम, कारण जेवणानंतर त्यांचे चेहरे उतरतात. काहींना नकळत घेतलेला फोटो आवडत नाही. नंतर दाखवून विचारावे आणि नको म्हणाले तर त्यांच्यासमोर काढून टाकावा.

आणखी एका व्यक्तीचे नाव त्या कागदावर लिहा, ते म्हणजे तुमचे स्वतःचे. अनेक घरांत लग्न लागताना मुलीच्या आईने समोर थांबायचे नाही अशी रीत आहे; ती त्या वेळी तुळशीला पाणी घालते किंवा आत देवापाशी बसते. तुमच्याकडे ही रीत पाळत असतील, तर त्या दहा मिनिटांत सारे कॅमेरे बोहल्याकडे असणार आणि तुमच्याजवळ कोणीच असणार नाही. तुमच्या बहिणीला किंवा वहिनीला तेवढ्यापुरते तुमच्यापाशी थांबायला सांगा. मुलीला पुढे याच फोटोचे मोल अधिक वाटेल, असा माझा अंदाज आहे. तुम्ही स्वतः मात्र त्या दिवशी कोणाचेही फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नका. तुमचा फोन सकाळीच भाचीकडे सोपवा. नाहीतर कार्यालयाच्या व्यवस्थापकापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोन तुम्हालाच येत राहतील.

मंगलाष्टकांविषयी तुमच्या मुलीचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. पुढच्या रांगेतले हात वर गेले, की मागच्यांना वधूवर दिसत नाहीत, आणि मुख्य फोटोग्राफरच्या फोटोतही अंतरपाटाऐवजी मोबाइलचे पडदे येतात. शिवाय मोबाइलच्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरपलीकडे पोहोचत नसल्याने मागून काढलेल्या फोटोला त्याचा काडीचा उपयोग नसतो, आणि फोटोग्राफरने बेतलेल्या प्रकाशात मात्र तो खोड काढतो. यावर साधा उपाय म्हणजे गुरुजींना आधी भेटून विनंती करणे. मंगलाष्टके सुरू करण्यापूर्वी त्यांनीच ध्वनिक्षेपकावरून सांगावे, की लग्न लागेपर्यंत सर्वांनी फोन खिशात ठेवावेत आणि अक्षता हातात घ्याव्यात. घरच्या माणसाने सांगितले तर एखादा पाहुणा दुखावतो. गुरुजींनी सांगितले तर सहसा कोणी रागावत नाही. ज्यांना हे बंधन नाही असे तुमचे दोघेच जण ठेवा, आणि त्यांनी वधूवरांकडे पाहायचेच नाही. त्यांनी बोहल्याच्या कडेला, फोटोग्राफरच्या वाटेत येणार नाही अशा जागी उभे राहून फोन पाहुण्यांकडे वळवायचा. शेवटचे ‘सावधान’ म्हटले जाते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते आणि अक्षता उडतात, त्या क्षणी समोरच्या दोनशे चेहऱ्यांवर जे दिसते त्याचा फोटो अल्बममध्ये जवळपास कधीच नसतो, कारण त्या वेळी सगळ्यांचीच तोंडे उलट दिशेला असतात. गुरुजींना कल्पना दिलेली असेल तर ते या दोघांना हटकणार नाहीत.

निवडलेल्या माणसांना फोटो कसा काढावा हे शिकवत बसू नका, पण चार सूचना आवर्जून द्या. हळदीच्या दिवशी फोनच्या भिंगावर तेलकट, पिवळे बोट लागलेलेच असते. दर थोड्या वेळाने मऊ सुती कापडाने भिंग पुसावे, निम्मे धुरकट फोटो तेवढ्याने सुधारतात. दुसरे, चेहरा उजळ आणि गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करावे. अनेक फोनमध्ये ते मुळातच चालू असते, आणि आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्याने पुसल्या गेल्या तर तो चेहरा त्यांचा राहत नाही. तिसरे, मागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मुंडावळ्या बांधलेल्या चेहऱ्यावर वापरू नये. मोत्यांच्या बारीक सरी कुठे संपतात हे फोनला अनेकदा कळत नाही आणि अर्धी मुंडावळी मागच्या धुक्यात विरते. चौथे, बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. उखाण्यांसाठी मात्र फोटोचा आग्रह नको. उखाणा घेणाऱ्या काकूंचा आवाज, मध्येच अडखळणे आणि मागचा हशा यासाठी फोन आडवा धरून अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घ्यावी. आदल्या रात्री सर्वांनी आपापल्या फोनमध्ये जागा मोकळी करून ठेवावी, आणि कार्यालयातल्या एका ठरलेल्या खोलीत चार-पाच चार्जर लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड असावा.

आता जमवण्याकडे येऊ. मोठीच्या लग्नात सारे बिघडले ते इथेच. माझा ठाम सल्ला असा, की पाठवणीपूर्वीचा दुपारचा निवांत वेळ यासाठी राखून ठेवा. जेवणे झालेली असतात, मंडळी पानसुपारी घेऊन गप्पा मारत असतात, परतीच्या गाड्यांना अवकाश असतो. एका भाच्याने किंवा पुतण्याने तेव्हा लॅपटॉप आणि दोन्ही प्रकारच्या केबल घेऊन वर्दळीच्या जागी टेबल मांडून बसावे. आलेला फोन जोडावा, त्या दिवसाचे आणि आदल्या दिवसाचे सगळे फोटो, निवड न करता, त्या पाहुण्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावेत आणि फोन परत करावा. साध्या फोनला दोन-चार मिनिटे पुरतात. अँड्रॉइड फोन जोडल्यावर त्याच्या पडद्यावर फाइल देवाणघेवाणीचा पर्याय निवडावा लागतो, आणि आयफोन ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असे विचारतो, तिथे होकार द्यावा लागतो. हे त्या मुलाने घरी एकदा करून पाहिलेले असावे. आयफोनमध्ये कधी कधी मूळ फोटो आयक्लाउडवर आणि फोनमध्ये लहान प्रत अशी व्यवस्था असते. ते फोटो त्या पाहुण्याने नंतर पाठवलेले बरे. केबल नकोच असेल तर आयफोनवरून आयफोनकडे एअरड्रॉप आणि अँड्रॉइडवर क्विक शेअर यांनीही फोटो मूळ आकारात येतात आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. हे लक्षात असू द्या, कारण कार्यालयांच्या तळघरातल्या सभागृहात नेटवर्कचा भरवसा नसतो.

‘व्हॉट्सॲपवर टाका’ हा सोपा मार्ग मी मुद्दाम मागे ठेवला आहे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप बराच लहान करते. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ४ × ६ इंचांच्या छपाईला चांगल्या दर्जासाठी १२०० × १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे तो फोटो एवढ्या आकारात जेमतेम चालतो. पण तोच अल्बमच्या १२ × १८ इंचांच्या पानावर घ्यायचा म्हटले तर चेहरे फुटलेले दिसतात. २०२३ पासून तिथे ‘एचडी’ हा पर्याय आला आहे, तो बरा आहे, तरी त्यातही फोटो काही प्रमाणात दाबला जातोच. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा येतो. याचा दुसरा लाभ असा, की फोटो कोणत्या तारखेला, किती वाजता काढला ही नोंद त्याच्यासोबत राहते. नेहमीच्या पद्धतीत ती गळून जाते आणि दहा जणांचे फोटो एकत्र केल्यावर पाठवणीनंतर मुहूर्तमेढ येते. स्टेटसवर टाकलेले फोटो हे तर मिळालेले फोटो समजूच नका. ‘स्टेटसला आहेत की, बघा ना’ असे सांगणारे नातेवाईक तुम्हाला भेटतीलच. ते स्टेटस २४ तासांत जाते आणि त्यावरून घेतलेली प्रत छपाईच्या कामाची नसते.

ज्यांना दुपारी थांबता येणार नाही त्यांच्यासाठी मुलाची क्यूआर कोडची कल्पना चांगली आहे, पण पत्रिकेवर नको. पत्रिका शेकडो घरांत जाते, न येणाऱ्यांकडेही जाते, तिचा फोटो ग्रुपांवरून फिरतो, आणि तो कोड ज्याच्या हाती पडेल त्याला तुमच्या घरातले फोटो उघडता येतात. कोड छापलेली पाटी कार्यालयातच ठेवा. पानसुपारीचे टेबल आणि रुखवताची खोली या दोन जागी लोक रेंगाळतात. गूगल फोटोजमध्ये सामायिक अल्बम करून त्याची लिंक त्या कोडमागे ठेवता येते. एका अल्बममध्ये २०,००० फोटो मावतात, तेव्हा जागेची चिंता नाही. मात्र त्यात भर घालायला गूगल खाते लागते आणि पाहुण्याने चढवलेले फोटो त्याच्या स्वतःच्या १५ जीबी मोफत जागेत मोजले जातात. जून २०२१ पासून गूगलने अमर्याद मोफत साठवण बंद केल्यामुळे पुष्कळांची ही जागा भरलेली असते, आणि तुमच्या अल्बमपायी कोणाची ईमेल अडायला नको. म्हणूनच दुपारचे टेबल हा मुख्य मार्ग आणि कोड हा जोडमार्ग, असा क्रम ठेवा.

निरोप कसा लिहावा याचा नमुना देतो, तुमच्या घरच्या भाषेत बदलून घ्या. ‘सर्वांना नमस्कार. लग्नाच्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळेत पानसुपारीच्या टेबलाशेजारी आमचा पुतण्या लॅपटॉप घेऊन बसणार आहे. आपण काढलेले फोटो पाच मिनिटांत त्याच्याकडे उतरवून द्यावेत. निवडत बसू नये, हललेलेही चालतील. लवकर निघणाऱ्यांनी तिथल्या पाटीवरचा कोड वापरावा किंवा घरी गेल्यावर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. लग्न लागताना मात्र फोन खिशातच असू द्यावेत, ही मुलीची खास विनंती आहे.’ हा निरोप लग्नाच्या दोन दिवस आधी पाठवा. त्याहून आधी पाठवला तर तो शेकडो संदेशांखाली गाडला जातो. ‘हललेलेही चालतील’ हे वाक्य गाळू नका, कारण बहुतेकांचे फोटो ‘निवडून पाठवते’ या सबबीवरच अडकून पडतात.

यजमानांची काळजी रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहे. जमलेले फोटो आणि वाटायचे फोटो हे दोन ढीग वेगळे ठेवा. पहिला ढीग फक्त दोन जणांनी पाहावा, एक तुमच्या बाजूची आणि एक वरपक्षाची, आणि त्यांपैकी निदान एक स्त्री असावी, कारण हळदीच्या ओल्या कपड्यांतले किंवा वधूच्या खोलीतले फोटो कोणते ठेवायचे याचा निर्णय तिनेच घेतलेला बरा. झोपलेली माणसे, जेवताना वेडेवाकडे आलेले चेहरे, ज्यांच्या आईवडिलांनी नको म्हटले आहे अशी मुले, हे सारे तिथेच गळेल. मगच दुसरा ढीग सर्वांना दाखवावा. सामायिक अल्बममध्ये सहभागी लोक एकमेकांचे फोटो लगेच पाहू शकतात, ही त्याची अडचण आहे. गूगल फॉर्मवरून फाइल मागवल्या तर त्या थेट तुमच्याच खात्यात येतात आणि इतरांना दिसत नाहीत. पण तिथे एका प्रश्नाला जास्तीत जास्त दहाच फाइल देता येतात आणि पाहुण्याला गूगलमध्ये प्रवेश करावा लागतो, त्यामुळे चाळीस फोटो काढणारी हौशी मावशी तिथे कंटाळते. मी तुमच्या जागी असतो तर सामायिक अल्बमच ठेवला असता, महिन्याभराने त्याची लिंक बंद केली असती, आणि हळदीचे फोटो त्यात मागवलेच नसते. एक सूचना मात्र यजमानांनीच घरच्यांना द्यावी : लग्न चालू असताना दागिन्यांचे आणि ‘आम्ही सगळे कार्यालयात’ असे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, कारण त्या वेळी तुमचे घर बंद असते.

भाचीची कॅमेऱ्यांची कल्पना तिकडच्या लग्नांसाठी योग्य आहे. तिथे पाहुणे नेमून दिलेल्या टेबलाशी तासन्तास बसतात आणि टेबलावरचा कॅमेरा हातोहात फिरतो. आपल्याकडे बसायला खुर्च्यांच्या रांगा असतात आणि टेबल येते ते पंगतीला, जिथे दोन्ही हात कामात असतात. अशा कॅमेऱ्यात सहसा २७ फोटो निघतात, फ्लॅश तीनेक मीटरपर्यंतच पोहोचतो, आणि रोल धुऊन देणारी प्रयोगशाळा आता मोठ्या शहरांतच शोधावी लागते. पाहुण्यांच्या खिशात त्याहून चांगला कॅमेरा असताना हा खर्च मला अनाठायी वाटतो. तिला हौसच असेल, तर लगेच छापील फोटो देणारा एक इन्स्टॅक्स कॅमेरा घ्या किंवा कोणाकडून उसना आणा. त्याच्या एका पाकिटात दहा फोटो येतात आणि मिनी प्रकारात चित्राचा आकार ६२ × ४६ मिलिमीटर असतो, म्हणजे एका जाड वहीच्या पानावर तो चिकटवून शेजारी आशीर्वाद किंवा उखाणा लिहून घेता येतो. पाकिटे महाग असल्याने कॅमेरा मुलांच्या हाती देऊ नका. भाचीनेच रुखवताच्या खोलीत बसून फक्त वडीलधाऱ्यांसाठी तो वापरावा. या फोटोची दुसरी प्रत नसते, म्हणून चिकटवण्यापूर्वी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा.

वरपक्षाकडे विषय काढण्यासाठी याद्यांची बैठक किंवा बस्त्याचा दिवस ही चांगली वेळ आहे. ‘तुमच्या पाहुण्यांनाही फोटो द्यायला सांगा’ अशी सुरुवात केली तर ती मागणी वाटते. विहीणबाईंना असे विचारा : ‘आमच्या मुलांकडून तुमच्याही वडीलधाऱ्यांचे फोटो काढून घेणार आहोत, कोणाकोणाचे राहू नयेत ते सांगाल का?’ त्या नावे सांगायला लागल्या, की त्यांच्याकडची एखादी करवली किंवा जाऊ स्वतःहून पुढे येते, आणि मग तिलाच त्यांच्या बाजूचे फोटो जमवायची विनंती करता येते. त्यांच्याकडे काही रिवाज वेगळे असतील, काही विधींच्या वेळी फोटो नको असतील, तेही याच बोलण्यात कळते. फोटोग्राफरलाही या सगळ्याची आधीच कल्पना द्या; तो तुमच्या माणसांना अडवणार नाही आणि ती त्याच्यापुढे येणार नाहीत, एवढे दोन्हीकडे स्पष्ट असले म्हणजे झाले.

लग्नानंतरची मुदत मांडवपरतणीची ठेवा. लेक-जावई येतील तोवर उरलेल्यांना एकदा, फक्त एकदा, फोन करून आठवण द्या. ग्रुपवर सर्वांना उद्देशून लिहिलेल्या आठवणीचा उपयोग होत नाही. सगळे फोटो लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर अशा दोन ठिकाणी ठेवा. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. मग त्यांतून शे-दीडशे निवडा. यांतले काही मुख्य अल्बममध्ये घालता येतील का, असे फोटोग्राफरला विचारता येईल, पण रंग आणि प्रकाश जुळत नाही म्हणून तो नाखूश असेल, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नसेल. माझी पसंती ४ × ६ इंचांच्या छापील फोटोंच्या वेगळ्या, साध्या अल्बमला आहे. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे आणि नाते लिहा, आणि हे काम घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीशेजारी बसून करा, कारण वरपक्षाकडची आणि गावाकडची निम्मी माणसे तुमच्या मुलांना ओळखू येणार नाहीत. ज्या वडीलधाऱ्यांकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी त्यांच्या फोटोची एकेक जास्त प्रत काढून ठेवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या सुनालेकींच्या हाती ती देता येईल, आणि जे येऊ शकणार नाहीत त्यांना तिळगुळाबरोबर टपालाने पाठवता येईल.